लाल पेन मी उशिरा का काढते

‘बाई, मुलं ‘गरीबाला’ लिहितात, तरी तुम्ही लाल रेघ मारत नाही?’ बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या मराठीच्या शिकवणीत पालक हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ही मुलं शाळेत दिवसभर गुजराती लिहितात. तिथे ‘गरीब’चं ‘गरीबने’ होतं, ‘री’ जशीच्या तशी. आपल्याकडे ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘वकील’ पण ‘वकिलाला’. गुजरातीत ‘कवि’, ‘बुद्धि’ ऱ्हस्व, मराठीत दीर्घ. बोलताना हा फरक कानाला जाणवत नाही, मग हात सवयीचं लिहून जातो. एखाद्याला अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालणंच जड जातं. ते डिस्लेक्सियामुळेही असू शकतं, त्याचा अकलेशी संबंध नाही. याला आळस म्हणणं मला पटत नाही.

माझ्याजवळ आत्याचं एक अंतर्देशीय पत्र आहे, 1974 सालचं. पुण्याच्या एका नातेवाइकांना तिने पाठवलेलं. त्यांनी त्यावर लाल गोल काढून ते पोस्टाने परत धाडलं. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘बुद्धि’... सतरा गोल आहेत. आत्या शाळेत होती तेव्हा हेच शुद्ध होतं! मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962चे. ते अनुस्वार तेव्हा गेले, ‘बुद्धि’ची ‘बुद्धी’ तेव्हा झाली. बडोद्यात घर सांभाळणाऱ्या बाईला हे कोण सांगणार होतं? त्यानंतर तिने मराठीत पत्र लिहिलं नाही. बाबांच्या राखीसोबतच्या दोन ओळीसुद्धा गुजरातीत. मला अजून राग येतो.

नियम हवेतच. गुजराती जोडणीकोश, म्हणजे शुद्धलेखनाचा कोश, 1929 साली निघाला तेव्हा, यापुढे मनाला येईल तशी जोडणी करायचा हक्क कोणाला नाही, असं खुद्द गांधीजींनी बजावलं. त्याच गुजरातीत 1999 साली गुजरातमधल्या ऊंझा गावी जमलेल्या मंडळींनी एकच ‘ई’ आणि एकच ‘उ’ पुरे, असा ठराव केला. तो सर्वमान्य झाला नाही, पण तसं लिहिणारे आहेत.

मी आधी मुलाने काय सांगितलंय ते वाचते आणि खाली उत्तर लिहिते. उत्तरात तोच शब्द बरोबर येईल असं बघते. एवढं करूनही तीच चूक राहिली, तर लाल पेन. परवा चौथीतल्या मुलीने लिहिलं, ‘आजीने गरीबाला पोळी दिली.’ मी लिहिलं, ‘गरिबाला कसली पोळी दिली?’

दुसऱ्या दिवशी वही आली. ‘पुरणाची. पण गरिबाला तूप नाही मिळालं, आमचं संपलं होतं.’