जीपची दोन दारं आणि दीड मिलिमीटरची फट

सोलापूरजवळच्या मंद्रूपकडच्या एका बागायतदारांची जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप मे महिन्यात आमच्या गॅरेजमध्ये आली. गाडी मुळात ताडपत्रीची. पत्र्याचं हार्डटॉप आणि दारं नंतर कुणीतरी बसवून दिलेली. अशा दारांना कंपनीचं माप नसतं. ज्याच्या हातून दार घडलं त्याचंच माप, आणि डावं-उजवं सारखं निघेल याची खात्री नाही. त्यावर मालकांनी ऑनलाइन मागवलेली, बटणाची काळी ॲल्युमिनियम हँडलं दुसरीकडून बसवून घेतली होती.

तक्रारी दोन, आणि एकमेकींच्या उलट. "अण्णा, डावं दार खड्ड्यात आपोआप उघडायलंय बघा. आणि उजवं बाहेरून उघडतच नाही. म्हणजे धाकट्याला उघडतं, मला नाही." लॅच (दार लागलेलं धरून ठेवणारी आतली यंत्रणा) खराब म्हणून त्यांनी दोन नवे लॅच विकतही आणले होते.

असल्या कामात संशय आधी लॅचवरच जातो, म्हणून पहिल्यांदा हँडल बाजूला काढायचं. दोन्ही दारांचं आतलं पॅड उतरवलं, दहाच्या पान्यानं हँडलचे बोल्ट सोडले आणि हँडल नसतानाच दार लावून बघितलं. चांगला लॅच दोन टप्प्यांत लागतो: पहिली 'टक' अर्धी, दुसरी पूर्ण. दोन्ही दारं दोन्ही टप्प्यांत स्वच्छ लागली, आतल्या खटक्यानं उघडली. बिजागऱ्या ढिल्या नव्हत्या, स्ट्रायकर (चौकटीवरचा, लॅच ज्याला पकडतो तो तुकडा) सरळ होता. नवे लॅच खोक्यातच राहिले.

मग धाकट्याचं कोडं. हँडल परत लावून मालकांना उघडायला सांगितलं. ते हँडल मुठीत धरून, बाहेर ओढत अंगठ्यानं बटण दाबत होते. पोरगा हँडल न धरता नुसता अंगठा दाबत होता आणि दार उघडत होतं. म्हणजे मुठीत धरलं की हँडल बाहेर सरकत होतं आणि बटणाची चाल तेवढी फुकट जात होती. हलवून बघितलं तर हँडल चक्क खडखडत होतं, पण बोल्ट मात्र घट्ट!

कारण बोल्टच्या लांबीत होतं. हँडलच्या मागचं आट्यांचं भोक आरपार नव्हतं, खोली फक्त १२ मिमी. किटमधला बोल्ट एम६ (६ मिमी जाडीचा), लांबी २० मिमी. पत्रा १ मिमी, चकती दीड, फोमची गॅस्केट ३. म्हणजे साडेचौदा मिमी बोल्ट भोकात जायला निघतो, जागा बाराची. तळाला टेकून बोल्ट अडतो, हाताला घट्ट लागतो आणि हँडल अडीच मिमी मोकळंच राहतं. अशा वेळी आणखी जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि पुढचं काम हेलिकॉइल, म्हणजे भोकात तारेचे नवे आटे, बसवण्याचं होऊन बसतं. किटवाल्यांनी १६ चे बोल्ट दिले असते तर निम्मी भानगड झालीच नसती.

डावीकडे बसवणाऱ्याला हे जाणवलं असावं, कारण तिथं एकाऐवजी चार चकत्या घातल्या होत्या. आता बोल्ट पुरेपूर आवळला गेला. पण हँडलचा तळ सपाट आणि दाराचा पत्रा फुगीर, त्यामुळे पत्रा आत दबला आणि फोमही चेपून एक मिमीवर आला. हँडल साडेतीन मिमी आत गेलं. बटण दाबलं की त्याच्या मागची पिन लॅचचं पातं ढकलते आणि दार सुटतं; आता ती पिन पात्याला कायम दाबून धरू लागली. लॅचमधल्या फिरत्या आकड्याला अडवणारा खटका मग पूर्ण बसत नाही, टोकावर अडकून राहतो. सपाट रस्त्यावर निभतं, खड्ड्यात सुटतं. उन्हात फोम मऊ पडून आणखी चेपतो, म्हणून दुपारी त्रास जास्त.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: पिन आणि पातं यांच्यातली फट. बटण मोकळं असताना ती दीड मिमीच्या आसपास हवी. शून्यावर आली की दार सुटायची भीती, चारपर्यंत गेली की बटण दाबून दार उघडत नाही. आत डोकावून ती दिसत नाही. आम्ही पोरांच्या खेळण्यातल्या क्लेची गोळी पिनच्या टोकाला लावतो, हँडल जागेवर आवळतो, परत काढतो आणि चेपलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरनं मोजतो. डावीकडे पिन क्लेतून आरपार गेली होती. उजवीकडे जाडी चार मिमीच्या वर.

आता दुरुस्ती. आधीच्या माणसानं भोकं ग्राइंडरनं ओढून मोठी केली होती आणि कडांना गंज धरला होता. गंज घासून रेडॉक्साइड (गंजरोधक प्राइमर) मारला. आतून १२० बाय ३० मिमीची, २ मिमी जाडीची पट्टी दाराच्या फुगीरपणाप्रमाणे किंचित वाकवून घातली. मिलिमीटरभर पत्र्यावर बोल्टचा सगळा ताण येऊ देऊ नये. दाराला लोंबकळून गाडीत चढणारी माणसं असतातच. या दारांत सरकत्या काचा होत्या. खाली उतरणारी काच असेल तर भोक पाडण्याआधी ती पूर्ण वर घ्यायची, आणि ड्रिलला टेप गुंडाळून खोली बांधून घ्यायची.

फोम फेकून २ मिमीच्या निओप्रीन शीटमधून गॅस्केट कापली. बोल्ट स्टेनलेसचे, १६ मिमी. साधी चकती आणि स्प्रिंग वॉशर मिळून ३, पट्टी २, पत्रा १, दबलेली गॅस्केट दीड. साडेआठ मिमी आटे हँडलमध्ये जातात. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीडपट आटे धरले तर उत्तम, इथं जवळपास तेवढे मिळाले. आट्यांना निळं लॉकटाइट २४३ (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) थेंबभर, आणि आवळणं ६ ते ७ न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नाही. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना खातात. लॉकटाइटनं आट्यांतली फट भरते आणि पाणी शिरत नाही, हा आणखी एक फायदा.

पिन म्हणजे चेकनटवाला (स्क्रू जागेवर पक्का धरणाऱ्या नटचा) एम६ स्क्रू. त्याच्या आट्याचा पिच १ मिमी, म्हणजे एक पूर्ण फेरा एक मिमी. त्यामुळे अंदाज लावायला नको: क्ले मोजायची आणि तेवढे फेरे द्यायचे. दोन्हीकडे फट दीडवर आणून चेकनट आवळला. चेकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून शेवटची क्ले आवळल्यानंतर लावायची.

उजवं बटण दाबल्यावर हळू परत येत होतं. भोकाच्या आतपर्यंत पावडर कोटिंग गेलेलं. हे कोटिंग साधारण ६० ते ८० मायक्रॉन, आणि ते बटणावरही असतं, भोकातही. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं आतलं काढलं. तिथं ग्रीस अजिबात भरू नये. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ त्यात बसली की आठवड्यात घट्ट लगदा होतो. ग्रॅफाइट पावडर पुरते.

दार लावून बघण्याआधीची तपासणी सोडायची नाही. दार उघडंच ठेवून लॅचचा आकडा स्क्रू ड्रायव्हरनं दोन टप्पे फिरवायचा आणि बटण दाबायचं. चालीच्या मध्यावर किंवा थोडं पुढे आकडा सुटला पाहिजे. मग किल्लीनं लॉक-अनलॉक, मग आतला खटका. किल्लीच्या रॉडची प्लास्टिक क्लिप जुनी असली की काढतानाच तुटते, म्हणून नवी जवळ ठेवलेली बरी. हे सगळं जमलं की दार लावायचं, तेही काच उघडी ठेवून, म्हणजे अडकलंच तर हात आत जातो.

मालकांना विजापूर रोडवरून आत शेतरस्त्यानं गाडी फिरवून आणायला सांगितलं. डावं दार जागेवर राहिलं, उजवं मुठीत धरूनही उघडलं. पंधरा दिवसांनी परत यायचं ठरलं, कारण नवी गॅस्केट थोडी बसते. तेव्हा फट परत मोजायची.

किटमधलं तिसरं हँडल मागच्या दारासाठी होतं. ते लावलं नाही. त्या दाराचा लॅच रॉड ओढून सुटणारा आहे, आणि हे हँडल ढकलणारं. मध्ये दिशा उलटवणारी पट्टी बनवून बसवता येते, पण तिच्या पिनेला जागा नव्हती. मालकांना ते खोक्यासकट परत दिलं, दोन लॅचसोबत.