पैसे तांब्यात घाला

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दाराचं हँडल उन्हात तिरपं धरून बघा. लांबून चकचकीत दिसणाऱ्या क्रोमवर मोहरीएवढ्या, कधी त्याहून बारीक पुटकुळ्या दिसतील. नखाने खरवडलं की टोक उडतं आणि आतून पांढरी-करडी भुकटी निघते. बंपरवर हाच प्रकार तांबूस ठिपक्यांचा. दोन्हींना आपण सरसकट 'क्रोम गेलं' म्हणतो आणि खर्चाची दिशा तिथेच चुकते. क्रोमचं फारसं काही बिघडलेलं नसतं, गेलेला असतो त्याच्या खालचा धातू.

शोभेच्या क्रोमचा थर जेमतेम 0.3 मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण 60-70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. त्याखाली निकेल, निकेलखाली बहुधा तांबं, आणि सगळ्यात खाली लोखंडी पत्रा किंवा मझाक, म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू. क्रोमच्या थराला मुळातच न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. तिथून खारं पाणी निकेलपर्यंत पोचतं, निकेलला कुठे छिद्र सापडलं की तळापर्यंत जातं. लोखंड किंवा जस्त निकेलपेक्षा लवकर झिजणारं, त्यामुळे वरचा मुलामा शाबूत राहतो आणि खालचं पोखरलं जातं. गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, तो मुलाम्याला आतून ढकलतो. ती पुटकुळी.

मुंबईत हे इतकं लवकर का होतं, ते वेगळं सांगायला नको. त्यात भर घालतं ते प्लॅस्टिकचं कव्हर. जून ते सप्टेंबर गाडी त्याखाली घाम फुटल्यासारखी ओली राहते. सुती, हवा खेळणारं कव्हर आणि डोक्यावर पत्र्याची शेड, हे त्यापेक्षा कितीतरी बरं.

काहीही घासण्याआधी कुठला तुकडा कशाचा आहे ते ठरवा. खिशात लहानसं चुंबक ठेवा. घट्ट चिकटलं तर पत्रा, बंपर त्यातलाच. चिकटलं नाही, तुकडा हाताला जड लागला, मागची बाजू करडी, खडबडीत आणि साच्यातल्या पिनांचे गोल ठसे असलेली, तर मझाक. चिकटलं नाही आणि अगदी हलका, तर ॲल्युमिनियम. खिडकीखालच्या लांब पट्ट्या पुष्कळदा स्टेनलेसच्या असतात. स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतं, म्हणून तिथे मागून चरा मारून बघा: आत-बाहेर एकच रंग असेल तर मुलामा नाहीच. अशी पट्टी प्लेटिंगला, म्हणजे पुन्हा मुलामा चढवायला, देऊ नका. मागून लाकडी ठोकळ्याने पोच काढा, 400 पासून 2000 पर्यंत पॉलिश पेपर मारा, बफ करा (फिरत्या कापडी चाकावर चकाकी आणा), झालं.

पत्र्याच्या तुकड्यावर नुसते गंजाचे ठिपके असतील आणि मुलामा उचलला गेला नसेल, तर घरीही काम होतं. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल चुरगळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे चरे पडत नाहीत. भांड्यांची तारेची घासणी मात्र लांब ठेवा. हट्टी डागांसाठी 1 लिटर पाण्यात 40-50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं 20 मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत ते मिळतं. विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. मझाकवर हे करायचं नाही. आणि संडास साफ करायचं ॲसिड कुठल्याच क्रोमला लावायचं नाही. त्यातलं हायड्रोक्लोरिक क्रोमच विरघळवतं आणि खालचं पिवळट निकेल तेवढं उरतं. गंज निघाल्यावर खड्डा काळ्या टिंबासारखा दिसत राहणार, फॉइलने तो भरत नाही. वर मेण लावलं की काही वर्षं पुढे सरकत नाही, इतकंच. रोज चालवायच्या गाडीला तेवढं पुष्कळ आहे.

पुटकुळ्या फुटल्या असतील तर पुन्हा प्लेटिंगला पर्याय नाही. हे घरी करू नका. क्रोमच्या टाकीतलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं आणि मझाकला लागणारा तांब्याचा पहिला हात सायनाइडच्या टाकीतून येतो. त्यात ॲसिड पडलं तर प्राणघातक वायू निघतो. साकीनाका, भाईंदर, वसईकडच्या गाळ्यांत काम करणारे आहेत. सांडपाण्याचं काय करता, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आहे का, हे विचारायला लाजू नका.

तुकडे उतरवताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मझाकच्या मागच्या खुंट्यांचं. नट गंजून बसलेला असतो, पान्याने जोर लावला की खुंटी बुडापासून तुटते. दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल सोडत राहा, तरीही हलला नाही तर फिरवू नका. छोट्या कटिंग डिस्कने नटच उभा चिरा. नट रुपयाचा, बॅज मिळत नाही. खुंटी तुटलीच तर प्लेटिंगआधी तिथे भोक पाडून 4 मिलीमीटरचे आटे पाडून घ्या आणि स्टेनलेसचा स्क्रू प्लेटिंगनंतर बसवा. शाबूत खुंट्यांचे आटे टेपने झाकायला सांगा. मुलामा आट्याच्या दोन्ही उतारांवर चढतो, त्यामुळे 30 मायक्रॉनच्या थराने आट्याचा माप-व्यास (उतारांच्या मध्यावर मोजलेला) सुमारे 0.12 मिलीमीटरने वाढतो आणि नट जात नाही. मग कोणीतरी पान्याने जबरदस्ती करतो आणि नव्या क्रोमची खुंटी तुटते.

प्रत्येक तुकड्याला तांब्याच्या तारेने क्रमांक बांधा, पुढून-मागून फोटो काढा. ग्रिल, हेडलाइटच्या रिंगा, बंपर, म्हणजे एकत्र नजरेत येणारं सगळं एकाच गाळ्यात एकाच वेळी द्या. जुन्या पद्धतीचं हेक्झाव्हॅलंट क्रोम निळसर दिसतं, नव्या पद्धतीचं ट्रायव्हॅलंट जरा गडद किंवा पिवळसर. दोन्ही एकाच गाडीच्या तोंडावर आले तर सावलीतसुद्धा कळतं.

आता खड्ड्याकडे येऊ. हँडलवरची एक मिलीमीटरची पुटकुळी घ्या. जुना मुलामा उतरवल्यावर तिथे करडं टिंब दिसतं. पत्र्यावरचं क्रोम कॉस्टिकच्या टाकीत उलटा करंट देऊन काढतात. तेच मझाकला केलं तर कॉस्टिक जस्तही खाऊन टाकतं, म्हणून त्याची टाकी वेगळी आणि समोर लक्ष ठेवून उभा राहणारा माणूस हवा. टाकीत जास्त वेळ राहिला तर बॅजवरची अक्षरं पुसट होतात. मग त्या टिंबात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला गोल बर घालायचा, 0.8 मिलीमीटरचा. काळसर भुकटी निघते, भोक रुंदावतं, तळाशी अजून काळं दिसतं. खड्डा तोंडाशी लहान आणि पोटात मोठा असतो, मडक्यासारखा. तळ आणि कडा चांदीसारख्या उजळ दिसेपर्यंत थांबायचं नाही. एकाचे दोन मिलीमीटर झाले तरी चालतील. भुकटी आत राहिली तर तिच्यासोबत ॲसिडही आत कोंडतं आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच जागी पुटकुळी येते. 'नवं क्रोम टिकत नाही हो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

इथे एक पथ्य आहे. ओतीव मझाकची वरची साल घट्ट असते, आतलं अंग स्पंजासारखं सच्छिद्र. कारागिराने खड्डे घालवायला अख्खा तुकडाच बफवर दाबून घासला तर साल निघून जाते, कडा गोल होतात आणि जिथे एक खड्डा होता तिथे शंभर छिद्रं उघडी पडतात. खड्डा एकेकटाच खोदायचा.

खोदल्यावर सायनाइड कॉपर, म्हणजे सायनाइडच्या टाकीतला तांब्याचा हात, किमान 6-8 मायक्रॉन. ॲसिडच्या टाकीतलं तांबं, म्हणजे ॲसिड कॉपर, थेट दिलं तर ते जस्तावर हल्ला करतं आणि तांबं पापुद्र्यासारखं सुटतं. मग खड्डा भरायचा डाखाने, म्हणजे सोल्डरने. तांब्याचे थर चढवून तो का भरत नाही? हिशोब करा. ॲसिड कॉपरच्या टाकीत 1 चौरस डेसिमीटरला 4 अँपिअर दिले तर तासाला सुमारे 50 मायक्रॉन तांबं बसतं. 0.3 मिलीमीटर खोल खड्ड्याला सहा तास झाले, आणि करंट कडांकडे धावतो, त्यामुळे खड्ड्यापेक्षा त्याच्या काठावर जास्त बसतं. म्हणून 60-40 चा कथील-शिसे डाख. तो 183 ते 190 अंशांत वितळतो, मझाक 380 च्या आसपास, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने काम करायला जागा पुरेशी आहे. ब्लो-लँप नको, तुकडा डोळ्यांदेखत खाली बसतो आणि आधी लालही होत नाही. मोठा तुकडा उष्णता ओढून घेतो, त्याला हॉट एअर गनने आधी हात लागणार नाही इतकं गरम करा. डाख धरावा म्हणून लावायचा फ्लक्स क्लोराइडचा असतो, तेव्हा नंतर गरम पाण्याने ब्रश मारून धुवा. मीठ काढायला एवढा खटाटोप आणि शेवटी आपणच मीठ आत ठेवायचं, असं नको.

डाख जरा वर फुगलेला ठेवून बारीक कानशीने सपाट आणायचा, मग 220, 320, 400 चा पेपर. पेपरमागे लाकडी ठोकळा हवाच. बोटाने घासलं की मऊ डाख तांब्यापेक्षा जास्त झिजतो आणि खड्ड्याच्या जागी बशी तयार होते. पेपर, कानस, बर हे सगळं नागदेवी स्ट्रीटला मिळतं. डाखावर पुन्हा सायनाइड कॉपरचा पातळ हात, कारण उघड्या शिशावर ॲसिड कॉपर धरत नाही, आणि मग तास-दीड तास ॲसिड कॉपर.

गाळ्यात शिरताना एकच अट घाला: 'कॉपर झालं की फोन करा, मी बघून जातो, त्याशिवाय निकेलला टाकू नका.' समोरून 'हो जाएगा साब, एकदम नया' असं येईल. तरीही जा. बफ केलेलं तांबं ट्यूबलाइटखाली धरा आणि ट्यूबचं प्रतिबिंब हळूहळू सरकवा. रेघ सरळ गेली तर ठीक. जिथे वाकते तिथे बशी आहे, जिथे तुटते तिथे छिद्र. पेन्सिलीने गोल करून परत द्या. दोन-तीन फेऱ्या होतात. तांब्यावर सापडलेल्या दोषाला पेपर आणि तास लागतो, क्रोमनंतर सापडलेल्याला सगळं उतरवून पहिल्यापासून. भाव ठरवतानाही तांब्याची कानस-पॉलिशची मजुरी वेगळी मांडायला सांगा. घासाघीस करायची तर इतर कशावरही करा, या मजुरीवर नको.

पत्र्याच्या बंपरला जवळपास हेच, फक्त खोल खड्डे ब्रेझिंगने (पितळ वितळवून) भरता येतात आणि आरपार भोक असेल तर वेल्डिंग. पावसाळ्यात एक अडचण येते: ॲसिडने साफ केलेला पत्रा पाच-दहा मिनिटांत पुन्हा लालसर होतो, तेव्हा धुतल्या धुतल्या टाकीत गेला पाहिजे.

निकेलबद्दल जाडी विचारू नका, वेळ विचारा. साधारण 4 अँपिअरवर निकेलही तासाला 50 मायक्रॉनच्या आसपास चढतं. खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीला 30 मायक्रॉन हवेत, म्हणजे 35-40 मिनिटं. घरातल्या पाइप फर्निचरवर काम करणाऱ्या गाळ्यात आठ-दहा मिनिटांत तुकडा बाहेर येतो. दिसायला दोन्ही सारखेच, फरक दुसऱ्या पावसाळ्यात दिसतो. जमत असेल तर दोन थरांचं निकेल मागा: खाली सेमी-ब्राइट, वर ब्राइट. वरच्या थरात गंधक असतं, त्यामुळे गंज तिथे आडवा पसरतो आणि तळाकडे जायला त्याला उशीर लागतो. क्रोम शेवटी दोन-तीन मिनिटांचं काम.

माल घेताना ग्रिलच्या खाचा आणि हँडलचा आतला वळसा बघा. क्रोम खोल जागी नीट पोचत नाही. पिवळट झाक म्हणजे तिथे उघडं निकेल आहे. कडांवर करडा, धुरकट पट्टा असेल तर करंट जास्त झाला. दोन्ही परत करण्यासारखे.

एखादं हँडल फारच पोखरलेलं असेल तर आधी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे किंवा चोर बाजारात चक्कर मारा. पद्मिनी कुर्ल्यातच बनत होती, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात बाद झाली. सुटे भाग अजून निघतात. चमक बघून घेऊ नका. मागून बघा, खुंट्या शाबूत आणि अंग भरीव असलेला काळवंडलेला तुकडा पुटकुळ्यांच्या चकचकीत तुकड्यापेक्षा केव्हाही बरा.

बसवताना हँडल आणि पत्र्यामध्ये रबरी गॅस्केट नवीन घाला, नटाखाली नायलॉनचा वॉशर; जस्त, लोखंड आणि खारं पाणी एकत्र आले की पुन्हा तेच सुरू. बंपरच्या आतल्या बाजूला मुलामा नावालाच चढलेला असतो. तिथे झिंक प्रायमरचे दोन हात द्या, वाळल्यावर वरून मेण फवारा, आणि बोल्टच्या भोकांच्या कडा ब्रशने वेगळ्या भरा, फवारा तिथे पोचत नाही.