मुंबई–गोवा विमान: मोपा की दाबोळी, ते आधी बघा

तिकिटावर "1 तास 15 मिनिटं" वाचून दुपारचं जेवण पाळोळ्याच्या किनाऱ्यावर घ्यायचा बेत असेल, तर आधी विमानतळाचा कोड वाचा. तिकीट विकणारे वर ठळक "गोवा" लिहितात, खाली बारीक अक्षरात जीओआय किंवा जीओएक्स. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. स्वस्तातलं तिकीट दिसलं ते मोपाचं, आणि आम्हाला जायचं होतं दक्षिण टोकाच्या काणकोणात, पाळोळे तिथलंच.

गंमत बघा. मुंबईहून सरळ रेषेत दाबोळी साधारण 425 किलोमीटर, मोपा 385. म्हणजे हवेत 40 किलोमीटर वाचतात. तिकिटावर मात्र काही फरक नाही, कारण त्या सव्वा तासात प्रत्यक्ष उडणं पाऊण तासाच्या आसपासच. बाकीचा वेळ मुंबईच्या धावपट्टीवर रांगेत जातो. आणि वाचलेले 40 किलोमीटर उतरल्यावर रस्त्यावर वसूल होतात. मोपा पेडण्यात, अगदी महाराष्ट्राच्या वेशीवर. तिथून पाळोळे शंभरेक किलोमीटर, दाबोळीहून साठ-पासष्ट.

त्यातही पणजीच्या अलीकडची पर्वरी! उड्डाणपुलाच्या कामात गाडी इंच इंच सरकत होती. पुढे झुआरीचा नवा पूल झकास, पण मडगाव ओलांडून करमल घाटाची वळणं सुरू झाली तेव्हा मागच्या सीटवरची दोन्ही पोरं हिरवीपिवळी पडली होती. टॅक्सीचं बिल माणशी विमानभाड्याहून जास्त. ओला-उबर गोव्यात नाहीत, तेव्हा ठरवूनच बसा. "मीटरनं बघू" म्हणणाऱ्याच्या गाडीत मुळीच नको. सामान कमी असेल तर कदंबची (गोव्याची सरकारी) बस मोपाहून पणजी-मडगावला जाते. आम्ही दमून तिच्याकडे पाहिलंच नाही.

पाळोळ्याचे दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता रोखठोक. मडगाव, कोळवा, काणकोण: दाबोळीच, तिकीट हजारभर महाग असलं तरी. फक्त ते नौदलाचं ठाणं आहे, कामाच्या दिवशी सकाळचे काही तास त्यांच्या सरावाला राखीव असतात, त्यामुळे त्या वेळचं विमान शोधत बसू नका. उत्तरेचे किनारे, हरमल, मोरजी: मोपा. पणजीला कुठलाही चालेल. सावंतवाडी, वेंगुर्ल्याची मंडळी असाल तर मोपा म्हणजे लॉटरीच. बांदा तिथून हाकेच्या अंतरावर. आणि काणकोणला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, रात्रीच्या गाडीनं झोपून गेलात तर ही सगळी कटकटच नाही.

परतीचं तिकीटही मोपाचंच असेल, तर पाळोळ्याहून विमानाच्या किमान पाच तास आधी निघा. सकाळी सातचं विमान असेल तर आदल्या रात्री पेडण्यातच खोली घ्या.