प्रश्न मुलांनीच का काढायचे?

"मॅडम, कादंबरीवरचे प्रश्न तुम्हीच काढून का देत नाही?" पालक विचारतात, स्टाफरूममध्ये चहाबरोबर हाच विषय निघतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. काम टाळायला नाही हो. ५० चिठ्ठ्या वाचायच्या, सारखे प्रश्न एकत्र लावायचे, चर्चेचा क्रम ठरवायचा, यापेक्षा दहा प्रश्न फळ्यावर लिहिणं केव्हाही सोपं.

अट एवढीच, की प्रत्येकाने दोन प्रश्न आणायचे, शेजारी पान क्रमांक, आणि उत्तर स्वतःला ठाऊक नसावं. 'कोसला'चा नायक पांडुरंग, तर 'पांडुरंगचे स्वभावचित्र रेखाटा' चालत नाही. ते अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत उत्तरासकट मिळतं. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ची. त्यात पांडुरंगची बहीण मनी देवीने जाते. एका मुलीने लिहिलं होतं, 'देवीने म्हणजे कुठल्या देवीने?' कुणी हसलं नाही, निम्म्यांना तेच विचारायचं होतं. देवी म्हणजे स्मॉलपॉक्स. भारतातून हा रोग १९७५ साली गेला. या मुलांनी फार तर आजीच्या दंडावरचा लशीचा व्रण पाहिलेला. मला हा प्रश्न सुचलाच नसता. मला उत्तर माहीत होतं ना!

इथवरचं मी सगळ्यांना सांगते. पुढचं सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी जळगावकडचा एक मुलगा वर्गात होता. सकाळी टिळक रोडजवळच्या एका मेसमध्ये वाढपी. त्याचा प्रश्न मेसच्या कुपनामागे लिहिलेला: 'वडील पाठवत होते त्या पैशांचा हिशेब कुठे आहे?' मी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "अरे, हे कॉमर्सला जाऊन विचार." वर्ग खदखदला. तोही हसला. तास संपल्यावर टेबलापाशी आला. "मॅडम, कुपन द्या ना. त्याच्यावर रात्रीचं जेवण आहे."

मी दिलं. त्यानंतर वर्षभर त्याचे दोन प्रश्न वेळेवर यायचे. दोन्ही गाईडमधले.

मे महिन्यात पेन्सिल घेऊन पुस्तक पुन्हा वाचलं, खुणा फक्त पैशांवर. समास भरत गेले. पुण्यातली उधळपट्टी, बापाशी वाकडं, शेवटी गावाला परतणं, सगळं त्याच हिशेबाशी येऊन थांबतं. आणि मी इतकी वर्षं 'जगण्याला अर्थ काय' हा अस्तित्ववाद शिकवत होते.

तेव्हाची मी म्हणेल, तास ४५ मिनिटांचा, सगळेच प्रश्न कसे घेणार? बरोबर आहे तिचं. आजही मी चिठ्ठ्या बाजूला काढतेच, फक्त मोठ्याने वाचत नाही. म्हणजे सुधारले का? की आता बाद केलेलं कुणाला दिसत नाही, एवढंच?

परवाच्या गठ्ठ्यात एक आहे: 'हा इतका कंटाळलाय, त्याची आई कधी कंटाळत नाही का?' पान क्रमांक नाही. नियमाप्रमाणे बाद. चिठ्ठी अजून टेबलावरच आहे.