तंजावरची भिंत आणि अंगकोरची भिंत

तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरात आम्ही पहिल्यांदा पोचलो ते भर दुपारी साडेबाराला. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आतलं पटांगण म्हणजे तापलेला तवा. आई एकाहत्तर वर्षांची. ओवरीच्या सावलीपर्यंत पोचेस्तोवर तिचे तळवे लाल झाले. गाभाराही दुपारी बंद होता. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: तंजावरचं मोठं देऊळ पहाटे सहाला बघा, नाहीतर संध्याकाळी चारनंतर. दुपार जेवणाला आणि झोपेला ठेवा.

दुसऱ्या दिवशी सहालाच गेलो. इ.स. १०१० मध्ये राजराज चोळाने पूर्ण केलेलं हे देऊळ सगळं ग्रॅनाइटचं आहे आणि विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साठेक मीटर उंच. फोटोत त्याचा अंदाज येत नाही. कोवळ्या उन्हात दगड मधाच्या रंगाचा दिसत होता. जोत्यावर चोळांचे तमिळ लेख हारीने कोरलेले आहेत, तिथे नुसतं बघत राहायचं. पण मला ओढ होती ती नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या प्राकाराच्या भिंतीची. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे आले, त्या शाखेची ही हकीकत. पाटी शोधत बसू नका, पहारेकऱ्याला सरळ ‘मराठी शिलालेख’ म्हणून विचारा.

अक्षरं देवनागरी, तरी भरभर वाचता येत नाही. शब्द एकमेकांना चिकटलेले, लेखनाची पद्धत जुनी. एकेक शब्द बोटाने सुटा करत मी वाचत गेले आणि अर्ध्या तासात जेमतेम चार ओळी लागल्या. पण त्या चार ओळींनी मला जे दिलं, ते आख्ख्या सहलीत दुसऱ्या कशाने दिलं नाही. घरापासून हजारभर किलोमीटरवर, तमिळ देवळात, आपली भाषा दगडात बसलेली. सकाळचं उन्ह तिरपं असतं तोवर अक्षरांच्या कडा उठून दिसतात, डोक्यावर आलं की सगळं सपाट होतं.

बहुतेक सहल कंपन्या तंजावरला अर्धा दिवस देतात. मला हे अजिबात पटत नाही. दोन रात्री राहा. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय बघा. ताडपत्रं आणि जुनी हस्तलिखितं तर आहेतच, शिवाय माणसांचे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी काढलेली युरोपीय चित्रंही आहेत. सरफोजीराजांना कशाकशाचं कुतूहल होतं ते तिथे कळतं. मोडी कागदांचा मोठा साठाही याच ग्रंथालयाचा. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी कुंभकोणमजवळचं दारासुरम करा. बाराव्या शतकातलं हे देऊळ लहान आहे, गर्दी नाही आणि कोरीवकाम इतकं बारीक की बसून बघावं लागतं. जवळचा विमानतळ तिरुचिरापल्ली, तिथून बस किंवा रेल्वे, दीडेक तास धरा. जेवण केळीच्या पानावरच्या मेसमध्ये, आणि कुंभकोणमची डिग्री कॉफी, म्हणजे तिथली फिल्टर कॉफी, चुकवू नका.

त्याच बाराव्या शतकातली दुसरी भिंत आम्ही महिन्याभराने, जानेवारीत पाहिली. कंबोडियात, अंगकोर वाटला. मुंबईहून बँकॉकमार्गे सिएम रीप, हे अंगकोरजवळचं शहर. व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतो, फक्त संकेतस्थळ खरं सरकारीच आहे ना ते नीट बघा. नवा विमानतळ शहरापासून बराच लांब आहे, पाऊण ते एक तास लागतो, तेव्हा गाडी आधी ठरवा. डॉलर सगळीकडे चालतात, पण नोट कोरी हवी. माझी वीसची एक नोट कडेला किंचित फाटली होती, ती पूर्ण आठवडाभर कुणी घेतली नाही.

प्रवेशाचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. तीन दिवसांचाच घ्या. तो सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन चालतात. आईसारखी सोबत असेल तर मधे एक दिवस विश्रांती देता येते.

सूर्योदयाला तळ्याकाठी शेकडो माणसं मोबाईल वर धरून उभी असतात. मी म्हणेन, एकदा बघा आणि लगेच आत जा. सगळे नाश्त्याला हॉटेलवर परततात आणि तासभर कोरीव भिंतींच्या ओवऱ्या रिकाम्या मिळतात. सकाळी पूर्वेची भिंत बघा, कारण उजेड तिकडून येतो. तिथे समुद्रमंथन आहे, जवळपास पन्नास मीटर लांब. वासुकीच्या तोंडाकडे असुर, शेपटीकडे देव, मधे विष्णू, खाली कूर्म. रवीच्या जवळ वाकून बघा. पाणी इतकं घुसळलंय की मासे आणि मगरी कापल्या गेल्यात, अर्धं धड इकडे, अर्धं तिकडे. हे कोरणाऱ्याने पाण्याचा जोर मनात पाहिला असणार.

पश्चिमेची भिंत दुपारी. मुख्य दारातून आत आलं की उजवीकडे कुरुक्षेत्र. भिंत डाव्या हाताला ठेवून पुढे जायचं असतं. आई चटकन म्हणाली, “अगं, ही तर उलटी प्रदक्षिणा!” वाटाड्याने सांगितलं, की यावरून आणि देवळाच्या पश्चिमेकडच्या तोंडावरून अभ्यासकांना हे देऊळ बांधणाऱ्या राजाचं, दुसऱ्या सूर्यवर्म्याचं, मृत्युस्मारक वाटतं.

तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात आई वरच्या ओळीतल्या एका आकृतीपाशी थांबली. आडवा पडलेला म्हातारा, अंगाखाली बाण. “भीष्म,” ती म्हणाली. तिला इंग्रजी येत नाही, वाटाड्याला मराठी नाही. पण नाव कळलं. दगड तिथे माणसांच्या हातांनी काळा, गुळगुळीत झालाय. पुढे चार हातांचा कृष्ण अर्जुनाचा रथ हाकतोय, तोही तिने ओळखला.

शाकाहारी लोकांनी जेवताना ‘फिश सॉस नको’ हे दर वेळी स्पष्ट सांगा. तो साध्या परतलेल्या पालेभाजीतही असतो. अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे बाकानला, जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर परत पाठवतात. जिने उभे आहेत, आई खालीच थांबली. बांतेय स्रेईला वेगळी सकाळ द्या. देऊळ इ.स. ९६७ चं, गुलाबी दगडाचं, रिक्षाने जवळपास तासाभराचं अंतर.

आम्ही भिंतीपाशी होतो ती भोगी होती. वाटाड्याने विचारलं, या म्हाताऱ्याने लगेच प्राण का नाही सोडला? आईने सांगितलं, मी इंग्रजीत केलं: सूर्य उत्तरेला वळायची वाट बघत होता. आमच्याकडे उद्या तो सण. मग तिने पिशवीतून तिळगुळाची पुडी काढली आणि दोन वड्या त्याच्या हातावर ठेवल्या.