भिंतीतून गिटार येत नाही

रविवार, रात्र

दादा आत्ता गेला. नेरूळहून ठाण्याची गाडी मिळाली असा मेसेज आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा : 'तिला सांग, झेरॉक्सला ओरिजिनलची सर येत नाही.' म्हणजे खिडकीशी बसूनही ह्याचं चालूच आहे.

सुरुवात दुपारी झाली. दादा कुंजविहारच्या वड्यांची पिशवी घेऊन आला. ठाण्याहून इथवर येईस्तोवर वडे गार होतात हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, आणि गार वडे तव्यावर ठेवले की कडक होतात हे मला. लेकीने तेव्हा नेमका स्पीकर लावलेला. दादा दारातच, एका पायातली चप्पल काढता काढता म्हणाला, "काय गं, यूटूची झेरॉक्स ऐकतेयस?"

झालं. दुसरी चप्पल निघेपर्यंत लेक उभी राहिली होती.

हा वाद आमच्या घरात नवा नाही. दादा यूटूवाला, म्हणजे बोनो गातो त्या आयरिश बँडचा; लेक कोल्डप्लेवाली, म्हणजे ख्रिस मार्टिन गातो त्या इंग्लिश बँडची. गणपतीत, दिवाळीत, एकदा तर आत्याच्या तेराव्याला जेवणाच्या पंगतीत (मी दोघांना डोळे वटारून गप्प केलं होतं). पण आज पाऊस होता, बाहेर कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे साग्रसंगीत झाला.

दादाचं पहिलं पान ठरलेलं असतं. १९७६ साल, डब्लिनमधली शाळा, चौदा वर्षांच्या लॅरी मलनने नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली की बँड काढायचाय, कोण येतंय? जी पोरं आली त्यांतली चार टिकली आणि तीच चार आजतागायत. "एवढ्या वर्षांत आपल्या सोसायटीची कमिटी किती वेळा फुटली सांग." लेक म्हणाली, "मामा, कोल्डप्लेपण कॉलेजपासून तेच चौघं आहेत. नव्वदच्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भेटले, आणि एकही फुटलेला नाही." ह्या मुद्द्यावर दरवेळी बरोबरी होते. तरी दोघंही दरवेळी इथूनच सुरू करतात.

मग गिटार. दादा इथे हातातला वडा खाली ठेवतो. यूटूचा गिटारवाला, द एज, एक स्वर छेडतो, पायाखालचं यंत्र तोच स्वर जरा उशिराने परत देतं, आणि तो उशीर त्याने तालात असा बसवलाय की वाजवणारा एक आणि ऐकू येतात दोघं. हे सांगताना दादा टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतो. एक बोट स्वर, दुसरं बोट त्याची सावली. चटणीची वाटी हलते. "आणि तुझा तो जॉनी बकलंड हेच करतो."

"मग चांगलंच आहे ना."

"अगं, तेच तर म्हणतोय मी, हेच करतो!"

ब्रायन ईनोचं, म्हणजे बँडांच्या रेकॉर्डा घडवून देणाऱ्या निर्मात्याचं, नाव निघालं तेव्हा मला हसू आवरेना. १९८४ पासून यूटूच्या रेकॉर्डांवर डॅनियल लॅन्वाबरोबर त्याने काम केलं, आणि २००८ साली कोल्डप्लेने त्यालाच बोलावलं. दादाच्या मते आमच्या लग्नातला आचारी तुम्ही चोवीस वर्षांनी मुंजीला आणलात, त्यात तुमचं काय कौतुक? लेकीच्या मते आचारी एकच असेल तर जेवणाला नावं ठेवायची सोय उरत नाही. हा तिचा मुद्दा मला आवडला. मी बोलले नाही. वडे उलटत होते.

पण खरी आग लागली ती 'उपदेशा'वरून. लेक म्हणाली की बोनो गाण्यापेक्षा भाषणं जास्त देतो, आणि २०१४ साली ह्यांनी आपला नवा अल्बम आयट्यून्सवर जगभरातल्या पन्नास कोटी लोकांच्या खात्यात न विचारता टाकून दिला. पुढे तो काढून टाकायला वेगळं पान उघडावं लागलं. दादा म्हणाला, "फुकट दिला." लेक म्हणाली, "फुकट दिला म्हणून कुणाच्याही फ्रिजमध्ये श्रीखंड ठेवून यायचं का?" दादाला उत्तर सुचेना, म्हणून तो कोल्डप्लेच्या कार्यक्रमातल्या मनगटातल्या दिव्यांवर घसरला. पन्नास हजार माणसांच्या हातात लुकलुकणारे पट्टे बांधले की कुठलंही गाणं बरं वाटतं, म्हणे. त्यावर लेकीने पट्टे वनस्पतीजन्य असतात, परत जमा करून घेतात, लोकांच्या नाचण्यावर वीज करणारी जमीन आणि पायडल मारून वीज करणाऱ्या सायकली असतात, नोव्हेंबर २०१९ मध्ये ख्रिस मार्टिनने पर्यावरणाला सोसेल असा दौरा जमेपर्यंत दौराच नाही असं जाहीर केलं होतं, हे सगळं एका दमात सांगितलं. दादा म्हणाला, "बँड आहे का एनजीओ?" हे बोनोच्या चाहत्याने म्हणावं! ते त्याच्याही लक्षात आलं. वडा उचलला पुन्हा.

खरं तर दादाला कोल्डप्लेवर बोलायचा अधिकार नाही, आणि असलाच तर सगळ्यांत जास्त त्यालाच आहे. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी बाराला त्यांच्या इथल्या कार्यक्रमांची तिकिटं सुटली तेव्हा आम्ही चौघं चार फोन घेऊन बसलो होतो. माझ्यापुढे सहा लाखांवर माणसं. लेकीचं ॲप पैसे भरायच्या पायरीवर गोठलं आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडली. ठाण्यात, आपल्या घरी, कोल्डप्लेला शिव्या देत रांगेत बसलेल्या दादाचा नंबर लागला. पस्तीस हजारांपर्यंतचे भाव होते. त्याने सगळ्यांत स्वस्त, अडीच हजारांची चार काढली आणि फोन केला, "तुझ्या झेरॉक्सचे पास मिळालेत." भाचीकडून पैसे घेतले नाहीत. तिने आज ते काढलंच नाही, आणि त्यानेही नाही. एवढं बरं आहे दोघांत.

आमचं घर म्हणजे डी. वाय. पाटील स्टेडियमची वेटिंग रूम. सिडकोची जुनी बिल्डिंग, गच्चीवरून सरळ रेषेत किलोमीटरभरावर स्टेडियमचं छप्पर दिसतं. २००८ ची पहिली आयपीएल फायनल, २०१७ चा जस्टिन बीबर, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या मुलींनी वर्ल्डकप घेतला ती रात्र. दरवेळी कुणी ना कुणी आधी चहाला आणि नंतर पिठलं-भाताला असतंच. १५ डिसेंबर २०१९ ला दादा ऑफिसच्या तिघांना घेऊन आला होता. यूटू भारतात पहिल्यांदाच, आणि त्यांच्या त्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम. दादा मध्यरात्री परत आला तो बोलेना. दोनशे फूट रुंदीचा पडदा, शेवटी ए. आर. रहमान मुलींना घेऊन आला, हे बाकीच्यांनी सांगितलं. दादा नुसता ताक पीत बसला होता. तेव्हा त्याला पन्नाशी उलटायला थोडं बाकी होतं, पण मला तो नौपाड्यातल्या घरातला दिसला.

ते घर दोन खोल्यांचं. मधली भिंत अर्ध्या विटेची. बाहेरच्या खोलीत दादाचा टेपरेकॉर्डर, स्वैपाकघरात माझी दहावी. १९९२ साल. दादा काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणायचा. आता तेही बंद झालं, २०१६ मध्ये. दार लावून घ्यायचा, आवाज वाढवायचा. आई म्हणायची अभ्यास चाललाय तिचा, हळू कर. तो हळू करायचा म्हणजे बारीक आवाज कमी व्हायचा. जाड आवाज तसाच.

आणि जाड आवाजच भिंत ओलांडतो. हे मला तेव्हा कळलं, कुणी न सांगता. गिटार, शब्द, बोनोचं ओरडणं, सगळं पलीकडेच राहायचं. अलीकडे माझ्याकडे यायचा तो ॲडम क्लेटनचा बास आणि लॅरी मलनचा ढोल. ही नावं मला पुष्कळ नंतर कळली. तेव्हा नुसतं धम्, धम्. बीजगणिताच्या वहीखाली ओटा थरथरायचा, डब्यांची झाकणं वाजायची. एक गाणं असं होतं की त्यात चारच जाड स्वर, एकामागून एक, पुन्हा पुन्हा, शेवटपर्यंत तेच चार. बाकी काय चाललंय पलीकडे मला माहीत नव्हतं. पण ते चार स्वर सुरू झाले की माझी गणितं सुटायची. 'विथ ऑर विदाउट यू', १९८७. नाव कळलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. पूर्ण गाणं ऐकलं तर त्यात एवढं काय काय आहे! मला जरा गर्दी वाटली.

म्हणजे दादा तीस वर्षं जिच्यावरून भांडतो ती गिटार माझ्या कानापर्यंत कधी आलीच नव्हती.

कोल्डप्ले मला गच्चीवरून भेटलं. जानेवारी २०२५, तीन कार्यक्रम, १८, १९ आणि २१. लेक १९ च्या रविवारी गेली, तीन मैत्रिणींबरोबर. तिला घरातून स्टेडियम चालत, आणि तरी निघताना अशी नटली होती की विमानाने जायचंय. रात्री मी शाल घेऊन वर गेले. गच्चीवर अर्धी बिल्डिंग होती. कुणी चटया आणल्या होत्या, खालच्या मजल्यावरच्या काकू शेंगा सोलत होत्या. छपराच्या वरचं आभाळ मधूनच जांभळं व्हायचं, मधूनच पिवळं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. साधा फोन, कसा लागला कोण जाणे. ती काही बोललीच नाही, नुसता फोन वर धरला असणार. त्यात लोक गात होते, ओ ओ ओ करून, सगळेच्या सगळे. आणि मी फोन कानाला लावून उभी असताना तेच ओ ओ ओ दुसऱ्या कानात आलं, हवेतून, उशिराने. शाळेत वीज चमकली की गडगडाट होईपर्यंत आकडे मोजायला शिकवलं होतं, तसं मोजलं. एक, दोन, तीन. फोनमधल्या लोकांचं गाऊन संपायचं, आणि मग इकडे आभाळात ते सुरू असायचं. लेकीचा आवाज कुठला हे शोधायचा वेडेपणा मी दोन्हीकडे केला. मिनिटभराने फोन तुटला. काकूंनी विचारलं, "काय म्हणतेय?" मी म्हटलं, काही नाही, मजेत आहे.

आज दादाने टेबलावर स्वर आणि त्याची सावली वाजवून दाखवली तेव्हा मला ते आठवलं. सांगणार होते. पण दोघांचं चाललेलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी लेकीने शेवटचं अस्त्र काढलं. नोव्हेंबर २०१४, न्यू यॉर्कमध्ये बोनो सायकलवरून पडला, चांगला मोडला. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाचा कार्यक्रम टाइम्स स्क्वेअरमध्ये ठरलेला. यूटूचे उरलेले तिघं स्टेजवर, आणि बोनोच्या जागी दोन गाणी गायला कोण? ख्रिस मार्टिन. व्हिडिओच लावला तिने. "बघ मामा, ओरिजिनलला झेरॉक्स लागली शेवटी."

दादा म्हणाला, "बदली ड्रायव्हरने एक फेरी मारली म्हणून एनएमएमटीची बस त्याची होत नाही." पण बघत होता. मीही हात पुसून मागे उभी राहिले, कारण ते माझंच गाणं होतं. चार स्वरांचं. ख्रिस मार्टिन गात होता, मागे ॲडम क्लेटन तेच चार वाजवत होता. मला वाटलं, मी स्वैपाकघरात दहावीचा अभ्यास करत असते, मध्ये ती भिंत असती, तर आज गाणारा वेगळा आहे हे मला समजलंसुद्धा नसतं.

तेव्हा लेकीने वळून विचारलं, "आई, तू सांग. कोण?"

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच विचारलं. दोघं वाट बघत होते. दादाने तर मान अशी केली की बहीण आहे, जाणार कुठे. मी म्हटलं, "बासवाला."

"कुणाचा?"

"ह्याचाच. चार स्वर वाजवणारा."

दादाने टाळी मारली. लेक म्हणाली हे उत्तर धरायचं नाही, बँड विचारला होता. मग दोघं पुन्हा एकमेकांत गुंतले आणि मी कुकर लावला. बासवालाच का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओटा, डब्यांची झाकणं, सगळंच सांगावं लागलं असतं, आणि दादाला उगीच वाईट वाटलं असतं की तू बाहेरच्या खोलीत का नाही आलीस. आले नाही खरी. बोलावलंही नव्हतं.

आता भांडी झालीत, गॅस बंद केला, दूध फ्रिजमध्ये गेलं. ओटा पुसताना ते चार स्वर तोंडात आले असावेत, अगदी खालच्या पट्टीत, कारण आतल्या खोलीतून, दार लोटलेलं असताना, लेक ओरडली,

"आई, हे ख्रिस मार्टिनचंच ना, मघाचं?"

मी हो म्हटलं.