ओनेच्या चर्चचं दक्षिण दार

पश्चिम फ्रान्समधल्या सँतोंज भागात बाराव्या शतकातली रोमनेस्क, म्हणजे गोल कमानी आणि जाड भिंतींच्या शैलीतली, चर्चेस गावोगाव आहेत. त्यांतलं ओने गावाचं सँ-पिएर पाहिलं आणि बाकीची यादी बाजूला ठेवून मी तिथेच रेंगाळलो. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गावरचं हे चर्च १९९८पासून जागतिक वारसा यादीत आहे. ते उभं आहे गावाच्या कडेला, जुन्या दफनभूमीत, थडग्यांच्या मधोमध.

बरगंडीतल्या वेझलेसारख्या ठिकाणी दारावर मोठा अर्धगोल शिल्पपट असतो. इथल्या मुख्य दारांवर तो नाही. मग कोरायचं कुठे? कमानींवरच. दक्षिणेच्या दारावर एकाबाहेर एक अशा चार कमानी आहेत आणि तिसरीच्या बहुतेक प्रत्येक दगडाला आपली एक स्वतंत्र आकृती मिळाली आहे. तिथे मुकुट घातलेले वृद्ध हातात वाद्यं आणि कुप्या घेऊन बसलेत. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात ते २४ आहेत. इथे भरतात ३१. कमान मोठी, दगड जास्त, म्हणून वृद्ध वाढवले, हे स्पष्टीकरण मला पूर्ण पटतं. धर्मग्रंथापेक्षा दगडाचा हिशेब वरचढ ठरला आणि कोणी हरकत घेतली नाही!

सर्वांत बाहेरच्या कमानीत तर प्राण्यांची आणि चित्रविचित्र जीवांची जत्राच आहे. त्यात तंतुवाद्य वाजवणारं एक गाढव आहे. कमानींच्या खालच्या अंगाला वाकून पाहायला विसरू नका; तिथे गुडघे मुडपलेली इवलीशी माणसं वरचा सगळा भार पेलून बसली आहेत. घाईतल्या माणसाला ती दिसतच नाहीत.

पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर राशी आणि बारा महिन्यांची कामं, दुर्गुणांना पायाखाली तुडवणारे सद्गुण, आणि डावीकडच्या बंद कमानीत उलटा क्रुसावर चढवलेला संत पीटर.

आत एका स्तंभशीर्षावर चक्क हत्ती आहेत. वर लॅटिनमध्ये कोरलंय, ‘हे हत्ती आहेत’. कान फारच लहान, पण सोंड आणि अंगाचा भारदस्तपणा ओळखीचा. ज्याने कोरले त्याने जिवंत हत्ती पाहिला असेल असं मला वाटत नाही. तरी वेरूळच्या कैलास लेण्यातले हत्ती पाहत वाढलेल्या मला ते परके वाटले नाहीत. मान दुखेपर्यंत पाहत राहिलो.

वेळ असेल तर सँत शहराच्या दक्षिणेला रियू गावाचं चर्चही पाहा. तिथे मागच्या अर्धगोल भिंतीवर भौमितिक नक्षी अशी दाट कोरली आहे की सपाट दगड शोधावा लागतो. ओनेला मात्र ऊन दक्षिणेकडून पडत असताना जा आणि दुर्बीण न्या. बाहेरच्या कमानीतले जीव बरेच उंचावर आहेत.